नोकरी जाणार नव्हती, तरी माणसे गेली

यंत्र आले की माणसाची नोकरी जाते, हे आपण इतकी वर्षे ऐकत आलो आहोत की त्याची उलटतपासणी करावी असे सहसा कोणाला वाटत नाही. मी ज्या राष्ट्रीयीकृत बँकेत नोकरी केली, तिथे मात्र संगणकामुळे एकाही कायम कर्मचाऱ्याची नोकरी जाणार नव्हती. बँक सरकारी होती, संघटना मजबूत होती आणि संगणकीकरणापायी कोणालाही कामावरून कमी करायचे नाही यावर संघटना आणि व्यवस्थापन यांचे एकमत होते. तरीही २००० च्या अखेरीस आणि २००१ च्या सुरुवातीस देशातल्या सरकारी बँकांमधून सुमारे एक लाख माणसे मुदतीआधी बाहेर पडली. माझ्या ओळखीतले जे गेले त्यांतले बहुतेक पन्नाशी ओलांडलेले होते, कामात तरबेज होते, आणि त्यांना कोणीही जा म्हटलेले नव्हते. ‘कॉम्प्युटरला घाबरून गेले’ असे त्यांच्याविषयी तेव्हा बोलले गेले आणि अजूनही बोलले जाते. मला ते स्पष्टीकरण आळशी वाटते.

त्यासाठी आधी ही माणसे काय जाणत होती ते सांगितले पाहिजे, कारण आजच्या वाचकाने बँकेचे लेजर पाहिलेलेच नसण्याची शक्यता आहे. बचत खात्यांचे जाडजूड लेजर, प्रत्येक खातेदाराचे एक पान, प्रत्येक व्यवहाराची हाताने केलेली नोंद आणि तिच्यासमोर अधिकाऱ्याची आद्याक्षरे, अशी ती व्यवस्था होती. महिन्याकाठी प्रत्येक लेजरमधल्या सगळ्या खात्यांच्या शिलका काढून त्यांची बेरीज करायची आणि ती जनरल लेजरच्या, म्हणजे शाखेच्या एकूण हिशेबाच्या वहीतल्या, आकड्याशी जुळवायची, याला आम्ही बॅलन्सिंग म्हणत असू. ते पहिल्या फटक्यात जुळले असे क्वचितच घडे. मग फरक शोधणे सुरू होई, आणि तिथे अनुभवी माणसाची किंमत कळे. फरकाच्या रकमेला नऊने भाग जात असेल तर कोणीतरी आकडे उलटे लिहिले आहेत, म्हणजे ५४ चे ४५ केले आहेत, हे त्याला तत्काळ कळे. फरक सम असेल तर त्याच्या निम्म्या रकमेचे व्हाउचर शोधा, जमेची नोंद नावे पडली असेल, असे तो खुर्चीवरून न उठता सांगे. आमच्या शाखेतले एक स्पेशल असिस्टंट सहा वाजेपर्यंत कोणाला काही सांगत नसत आणि मग चष्मा पुसून ‘आण ते तीन नंबरचे लेजर’ म्हणत. बहुतेक वेळा चूक तिथेच निघे.

सहामाही व्याजाचे कामही असेच होते. बचत खात्यावर व्याज द्यायचे ते दर महिन्याच्या १० तारखेपासून महिनाअखेरपर्यंत खात्यात जी सर्वांत कमी शिल्लक राहिली तिच्यावर. ती सहा महिन्यांची शिल्लक पानावरून डोळ्यांनी टिपायची, बेरीज करायची, तिला दराने गुणून १२०० ने भागायचे, आणि हे हजारो खात्यांसाठी करायचे. त्या दिवसांत शाखेत रात्री उशिरापर्यंत दिवे असत, बाहेरून वडे येत आणि नवख्या कारकुनांचे हिशेब जुने कारकून तपासत. शाखेत अधिकारी बदलून जात, पण हा कारकून, हा हेड कॅशियर वर्षानुवर्षे तिथेच असे. मॅनेजर त्याला विचारून निर्णय घेत. बाजारपेठेतला व्यापारी मॅनेजरच्या केबिनमध्ये जाण्याआधी त्याच्या टेबलाशी थांबे. पगाराच्या स्लिपवर न दिसणारी ही कमाई होती.

संगणक या जगात एकदम आला नाही, आणि हा मुद्दा महत्त्वाचा आहे. साठच्या दशकात कलकत्त्यात आयुर्विमा महामंडळाच्या कर्मचाऱ्यांनी संगणकाविरुद्ध जो लढा दिला, त्याची आठवण संघटनांच्या सभांमध्ये दीर्घकाळ निघत असे. बँकांमध्ये संघटना आणि व्यवस्थापन यांच्यात संगणकीकरणाविषयी १९८३ साली पहिला करार झाला, मग १९८७ चा, मग १९९३ चा. प्रत्येक करारात संघटना थोडी मागे सरकली आणि त्या बदल्यात काहीतरी पदरात पाडून घेतले. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या डॉ. सी. रंगराजन समितीने दोनदा बँकांच्या यांत्रिकीकरणाचा आराखडा आखून दिला. मोठ्या शाखांत लेजर पोस्टिंगची यंत्रे आली आणि त्यांच्यावर बसणाऱ्यास वेगळा भत्ता मिळू लागला. या मंद गतीला पुढे फार नावे ठेवली गेली, त्यांतली काही योग्यही होती. पण या गतीचा एक फायदा कोणी मोजला नाही. ज्याला शिकायचे होते त्याला शिकायला वेळ मिळाला आणि ज्याला शिकायचे नव्हते त्याच्यासाठी दुसरे टेबल शिल्लक होते. पन्नाशीचा माणूस यंत्राच्या शेजारी लेजर घेऊन बसू शकत होता आणि यंत्राने काढलेली शिल्लक बरोबर आहे की नाही ते तपासू शकत होता. काही काळ दोन्ही हिशेब चालत आणि फरक पडला तर आधी यंत्रावर संशय घेतला जाई.

धक्का आला तो १९९८ नंतर. १९९४-९५ च्या सुमारास नव्या खासगी बँका सुरू झाल्या होत्या आणि त्यांच्याकडे पहिल्या दिवसापासून लेजर नव्हतेच. १९९८ साली नरसिंहम समितीच्या दुसऱ्या अहवालाने सरकारी बँकांत गरजेपेक्षा जास्त माणसे आहेत असे सांगितले. त्याच सुमारास केंद्रीय दक्षता आयुक्त एन. विठ्ठल यांनी भ्रष्टाचार रोखण्याचा उपाय म्हणून, २००१ उजाडण्यापूर्वी सरकारी बँकांनी आपला ७० टक्के व्यवसाय संगणकावर आणावा असे बजावले. जे काम पंधरा वर्षे रमतगमत चालले होते त्याला एकाएकी तारीख लागली. मग वर्षानुवर्षांचे लेजर बंद करून त्यांतल्या शिलका संगणकात चढवण्याची मोहीम निघाली. शनिवारी दुपारनंतर आणि रविवारी माणसे बसली. दोन-तीन दिवसांचे प्रशिक्षण, सॉफ्टवेअर कंपनीकडून आलेला बाविशीचा मुलगा, आणि सोमवारी काउंटर सुरू.

त्या सोमवारनंतर पगार तेवढाच राहिला, पद तेच राहिले, खुर्चीही तीच राहिली. पण नऊने भाग जातो का हे पाहणाऱ्याला विचारायला कोणी येईना, कारण संगणकात नोंद एका बाजूची होतच नाही, दोन्ही बाजू जुळल्याशिवाय ती पुढेच जात नाही. फरक शोधण्याची विद्या एका आठवड्यात निरुपयोगी झाली. उलट पासवर्ड विसरल्यामुळे लॉक झालेला यूजर आयडी उघडून घेण्यासाठी त्याच माणसाला काल लागलेल्या मुलाकडे जाऊन उभे राहावे लागे, आणि काउंटरपलीकडची रांग हे सगळे पाहत असे. आमच्या हेड कॅशियरना सगळे अण्णा म्हणत. नोटांच्या थप्पीवर अंगठा फिरवून खोटी नोट बाजूला काढणारा तो माणूस माउसचा बाण पडद्यावर शोधताना पाहवत नसे. त्यांना ते जमले नसते असे नाही. आणखी सहा महिन्यांत जमले असते. पण सहा महिने लोकांदेखत अडाणी ठरण्याची तयारी छप्पन्नाव्या वर्षी किती जणांची असते?

आणि नेमक्या याच वेळी स्वेच्छानिवृत्तीची योजना आली.

या योजनेचे गणित जरा बारकाईने पाहिल्याशिवाय पुढचे कळणार नाही. १५ वर्षे नोकरी झालेल्या किंवा वयाची चाळिशी पूर्ण केलेल्या कर्मचाऱ्याला अर्ज करता येत होता. सानुग्रह रक्कम म्हणून नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे ६० दिवसांचा पगार, किंवा निवृत्तीपर्यंत जितके महिने उरले तितक्या महिन्यांचा पगार, यांतली जी कमी असेल ती रक्कम मिळणार होती. पगार म्हणजे मूळ वेतन आणि महागाई भत्ता. आता ३० वर्षे नोकरी झालेला माणूस घ्या. त्याचे प्रत्येक वर्षामागे दोन महिने धरले तर ६० महिने होतात, आणि तो पंचावन्न वर्षांचा असेल तर साठाव्या वर्षापर्यंत त्याचे महिनेही ६० च उरतात. म्हणजे पंचावन्नच्या पुढच्या माणसाला उरलेल्या संपूर्ण नोकरीचा मूळ पगार आणि भत्ता काम न करता एकरकमी मिळणार, त्यातले पाच लाखांपर्यंत करमुक्त, वर ग्रॅच्युइटी आणि रजेचा पगार, आणि १९९५ च्या पेन्शन नियमांखाली ज्यांनी पेन्शन घेतली होती त्यांना ती लगेच सुरू. अशा माणसाने नोकरीत राहणे म्हणजे घरभाडे भत्ता आणि वेतनवाढीचा फरक एवढ्यासाठी पाच वर्षे संगणकाशी झटणे. चाळिशीतल्या माणसाचे गणित याच्या अगदी उलट होते, त्याला वीस वर्षांच्या मोबदल्यात तीन-साडेतीन वर्षांचा पगार मिळत होता. तेव्हा वयस्कर माणसे मोठ्या संख्येने गेली यात संगणकाचे श्रेय किती आणि या सूत्राचे किती, याचा निवाडा करणाऱ्याने आधी कागद-पेन्सिल घेतलेली बरी.

ते कागद-पेन्सिल घराघरांत निघालेही. जेवणे झाल्यावर दिवाणखान्यात बसून नवरा-बायको आकडे मांडत. मुलीचे लग्न, मुलाच्या इंजिनीअरिंगची कॅपिटेशन फी, फ्लॅटचे कर्ज, गावाकडचे घर. ‘मी राहिलो आणि बाकीचे गेले तर शाखेत माणूस कोण उरणार, मग मलाच कुठल्यातरी आडगावी टाकतील,’ ही भीती संगणकापेक्षा अधिक बोलून दाखवली जाई, आणि ती अगदी निराधार नव्हती. स्त्री कर्मचाऱ्यांचा हिशेब आणखी निराळा होता. सत्तरच्या दशकात लागलेल्या अनेक जणींच्या घरी आता अंथरुणाला खिळलेली सासू किंवा नोकरीवर जाणाऱ्या सुनेचे तान्हे मूल होते, आणि नवऱ्याची नोकरी चालू असताना बायकोने घरी बसणे हा निर्णय घरच्यांनी फारसा ताण न घेता घेऊन टाकला. त्यांच्या अर्जांमागे संगणक शोधणे म्हणजे भलतीकडेच पाहणे होय. शिवाय एकाने अर्ज दिला की शेजारच्या टेबलावरचा डळमळे, हेही खरेच.

अमेरिकेतल्या अ‍ॅन बार्टेल आणि नाखुम सिखरमन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९९३ साली तंत्रज्ञानातील बदल आणि निवृत्तीचा निर्णय यांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. तो मी फार उशिरा वाचला आणि वाचताना आमची शाखा डोळ्यांपुढे आली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, ज्या उद्योगात बदल सतत आणि अपेक्षित गतीने होत असतो आणि त्याबरोबर प्रशिक्षणही चालू असते, तिथली माणसे उलट उशिरा निवृत्त होतात. मात्र बदलाचा अनपेक्षित धक्का बसला तर वयस्कर माणसे लवकर बाहेर पडतात, कारण नव्याने शिकलेल्याची भरपाई होण्याइतकी वर्षे त्यांच्या नोकरीत उरलेली नसतात. लिओरा फ्रीडबर्ग यांनी २००३ मध्ये याच विषयाचा दुसरा कोपरा तपासला. संगणक वापरणारी वयस्कर माणसे न वापरणाऱ्यांपेक्षा जास्त काळ नोकरीत टिकतात असे त्यांना आढळले, आणि निवृत्ती जवळ आलेली माणसे मुळात शिकण्याच्या भानगडीतच कमी पडतात हेही. म्हणजे यंत्रामुळे माणूस निवृत्त होतो हे जितके खरे, तितकेच निवृत्ती समोर दिसत असल्यामुळे माणूस यंत्र शिकत नाही हेही खरे. आमच्याकडे १९८३ ते १९९८ हा अपेक्षित गतीच्या बदलाचा काळ होता आणि त्यानंतरची तीन वर्षे अनपेक्षित धक्क्याची. मला एवढेच जोडावेसे वाटते की, त्या अभ्यासातली भरपाई पैशांत मोजलेली आहे. काउंटरवर रांगेदेखत होणाऱ्या मानहानीचा रकाना त्यात नाही.

अर्ज दिलेल्यांपैकी काहींचे मन लगेच फिरले. त्यांनी अर्ज मागे घेतले आणि बँकांनी ते मागे घेऊ देण्यास नकार दिला, कारण योजनेत तशी अट घातलेली होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. डिसेंबर २००२ मध्ये बँक ऑफ इंडिया विरुद्ध ओ. पी. स्वर्णकार या प्रकरणात न्यायालयाने राष्ट्रीयीकृत बँकांच्या योजनेबाबत सांगितले की, ही योजना म्हणजे प्रस्ताव देण्याचे आमंत्रण आहे, प्रस्ताव देतो तो कर्मचारी, आणि बँकेने तो स्वीकारण्यापूर्वी त्याला तो मागे घेता येतो. मात्र ज्यांनी योजनेचे पैसे उचलले त्यांना परतीची वाट नाही. कायद्याच्या दृष्टीने हा कराराचा प्रश्न होता. मला त्यात दिसतो तो घाईने घेतलेला निर्णय. अर्जाची मुदत मोजक्या दिवसांची होती, तिसेक वर्षांची नोकरी तेवढ्यात निकालात काढायची होती, आणि संगणकाचे पहिले, सर्वांत अवघड महिने त्याच काळात आले होते. तीच योजना दोन वर्षांनी आली असती तर आमचे अण्णा गेले असते का, याबद्दल मला दाट शंका आहे.

जे गेले त्यांचे पुढे काय झाले? दिवाणखान्यातल्या त्या हिशेबात मुदत ठेवीचा दर नऊ-दहा टक्के धरलेला होता, आणि बँकेत जन्म घालवलेल्या माणसांनी तो धरावा यात नवल नाही. पुढच्या तीन वर्षांत तो पाच-सहा टक्क्यांवर आला. काहींनी पैसा युनिट ट्रस्टच्या यूएस-६४ मध्ये ठेवला होता, कारण सरकारी आणि सुरक्षित म्हणून तिचे नाव घरोघरी होते. जुलै २००१ मध्ये ट्रस्टने या योजनेची खरेदी-विक्रीच थांबवली. २००३ मध्ये पंचावन्न वर्षांवरील लोकांसाठी वरिष्ठ पेन्शन विमा योजना आणि २००४ मध्ये नऊ टक्क्यांची ज्येष्ठ नागरिक बचत योजना आली. या दुसऱ्या योजनेत स्वेच्छानिवृत्तांना पंचावन्नाव्या वर्षापासून प्रवेश होता, तो उगीच नव्हता. पेन्शनचेही एक भांडण राहिले होते. पेन्शन नियमांप्रमाणे स्वेच्छेने निवृत्त होणाऱ्याच्या सेवेत जास्तीत जास्त पाच वर्षांची भर घालून पेन्शन काढायची असते. या योजनेत गेलेल्यांना ती भर द्यायला बँका तयार नव्हत्या. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बँक ऑफ इंडिया विरुद्ध के. मोहनदास या प्रकरणात कर्मचाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. तोवर आठ वर्षे उलटली होती आणि त्या लढ्यात असलेले काही जण निकाल ऐकायला हयात नव्हते.

राहिलेल्यांची गोष्ट मला अधिक विचार करायला लावते. पंचावन्नच्या आसपासचे, गणित जाण्याच्या बाजूने असूनही न गेलेले असे लोक आमच्याकडे होते. त्यांना संगणकाचे प्रेम होते असे मुळीच नाही. एकाने पेन्शनऐवजी भविष्य निर्वाह निधी स्वीकारला होता, त्यामुळे घरी बसून दरमहा हाती काही येणार नव्हते. दुसऱ्याची मुले लहान होती. तिसऱ्याला घरात बसवत नव्हते. नाइलाजाने शिकता शिकता ते शिकले. काही वर्षांत कोअर बँकिंग आले, सगळ्या शाखा एका सर्व्हरला जोडल्या गेल्या आणि पुन्हा नवे पडदे, नवे मेन्यू आले, तेव्हा या लोकांना पहिल्याइतका त्रास झाला नाही. एवढेच नव्हे, तर मायग्रेशनच्या, म्हणजे जुनी माहिती नव्या व्यवस्थेत हलवण्याच्या, वेळी जुन्या लेजरमधली कित्येक वर्षे पडून राहिलेली खाती, नावांतले घोळ, वारसांचे अर्धवट कागद निस्तरायला तेच कामाला आले, आणि गेलेल्यांची तीव्रतेने आठवण झाली. ज्या ज्ञानाला संगणकाने निरुपयोगी ठरवले असे आम्ही समजत होतो, त्याचा मोठा भाग माणसांविषयीचा होता, आकड्यांविषयीचा नव्हता.

आकड्यांविषयीचा भाग मात्र खरोखरच संपला, आणि तो संपला याचे मला दुःख नाही. १ एप्रिल २०१० पासून रिझर्व्ह बँकेने बचत खात्यावरचे व्याज रोजच्या शिलकेवर मोजायला लावले. १० तारखेपासूनच्या किमान शिलकेची जुनी रीत खातेदाराच्या तोट्याची होती. अकरा तारखेला पगारातून पैसे काढणाऱ्याचे महिन्याभराचे व्याज त्यात बुडे. ती रीत तशी असण्यामागे हाताने रोजची शिलकेची बेरीज करणे अशक्य होते हेही एक कारण होते. रात्री जागून आम्ही जे व्याज अभिमानाने बिनचूक काढत होतो ते मुळात कमी होते.

आज बँकेत साठीच्या जवळ पोचलेली माणसे कोअर बँकिंगबरोबर वाढलेली आहेत. दर काही महिन्यांनी अ‍ॅप बदलते, केवायसीचे नियम बदलतात, कर्जाचा अर्ज शाखेत न येता मंजूर होतो, आणि ते कुरकुरत का होईना, चालवून घेतात. मुदतीआधी नोकरी सोडणारे त्यांच्यातही आहेत. मी त्यांच्याशी बोलतो तेव्हा संगणकाचा उल्लेख जवळपास येत नाही. लेजर, बॅलन्सिंग आणि पासबुकाच्या नोंदी यांतून मोकळा झालेला वेळ बँकेने विमा आणि म्युच्युअल फंड विकण्याला जोडून दिला. रोज संध्याकाळी किती पॉलिसी झाल्या याची विचारणा फोनवर होते, आणि तीस वर्षे ओळखीच्या असलेल्या खातेदाराला नको असलेली पॉलिसी गळ्यात बांधावी लागते. राजीनाम्याची भाषा ते करतात ती या टार्गेटविषयी बोलताना.